लिटरमागे चौदा आणि पुढची सीट

लग्न होऊन मी खुटबावला आले त्याला अडीच वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात मी माहेरी, शिरूरला, गेले होते मोजून तीनदा. यामुळे गावात माझं फार नाव झालं. एखादी नवी सून आठ दिवसांतच माहेरच्या आठवणीनं डोळे गाळायला लागली की तिची सासू माझ्याकडे बोट दाखवायची. बघ, ती कशी सासरी रमलीय. बायका बोलावून बोलावून माझी ओटी भरायच्या. मी मान खाली घालून ते कौतुक ऐकून घ्यायची, कारण खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. मला गाडी लागायची.

लागायची म्हणजे थोडीथोडकी नाही. चौफुल्याला पहिली उलटी, पारगावच्या पुलावर दुसरी, न्हावऱ्याला तिसरी, असं माझं वेळापत्रक एसटीच्या वेळापत्रकापेक्षा पक्कं होतं. लिंबू हुंगून झालं, आलेपाक चघळून झाला, ओवा, आवळासुपारी, सगळं झालं. कुणीतरी सांगितलं म्हणून साडीच्या आत पोटाला वर्तमानपत्रही बांधलं. उलट्या थांबल्या नाहीत, पोटावर कांद्याचे बाजारभाव तेवढे उमटले. शिरूरला पोचले की पहिला अर्धा दिवस आईच्या घरी फरशीवर आडवी, आणि उरलेला अर्धा दिवस परतीच्या धास्तीत. आईला तर हळूहळू वाटायला लागलं होतं की सासरचे मला पाठवतच नाहीत आणि मी त्यांना पाठीशी घालतेय.

आमच्या घरात तेव्हा आम्ही आठ माणसं. सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं म्हणून मीही आबाच म्हणायची. सासूबाई, म्हणजे आत्या. थोरले दीर कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला होते, ते घरात असले की झोपलेलेच दिसायचे. जाऊबाई, त्यांची दोन पोरं, आमचे हे, आणि मी. शिवाय लिलावातून आणलेली ताडपत्रीची एक जुनी जीप होती. एका सकाळी चौफुल्याच्या चौकात त्या जीपचा मागचा दरवाजा तिला कायमचा सोडून गेला आणि घरात नवी, मोठी, सगळं कुटुंब मावेल अशी गाडी घ्यायचं ठरलं.

ठरलं म्हणजे भांडण सुरू झालं. आबांच्या मनात एक चौकोनी गाडी होती. जाड पत्रा, टणक सीटा, मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाकडी, आणि लिटरला चौदा किलोमीटर. ह्यांच्या मनात होती एक गुबगुबीत गाडी. तीन रांगा, सगळी तोंडं पुढे, थंड हवा, दारात पाण्याची बाटली ठेवायला खण. ती लिटरला दहाच्या आसपास द्यायची. आमच्याकडे म्हैस बघायला गेलं की पहिला प्रश्न असतो 'किती देती?' गाडीलाही तोच. रंग, शिंगं, स्वभाव हे सगळं नंतर. दूध घालायला डेअरीवर जमणाऱ्या प्रत्येकाचं या विषयावर स्वतःचं ठाम मत होतं, आणि त्यांतल्या निम्म्यांकडे सायकलसुद्धा नव्हती.

"माणसं न्यायचीत का पोती, आबा?" हे विचारायचे.

"पोतं कधी कुरकुर करत न्हाई," आबा म्हणायचे.

बायकांना कुणी विचारलं नाही. आत्या म्हणाल्या, ज्यात बसवाल त्यात बसू. मी मात्र भाकरी थापता थापता त्या गुबगुबीत गाडीसाठी देवाला साकडं घालत होते. मऊ सीटा, गार हवा, सगळी तोंडं पुढे. त्या गाडीत मला काही होणार नाही, मी हवं तेव्हा शिरूरला जाईन, आई सुखाने झोपेल, असा माझा सगळा हिशोब होता. धाकट्या सुनेचं मत कुणी मोजत नव्हतं, पण त्या गाडीवर सगळ्यात जास्त माझंच अडलेलं होतं.

शेवटी आबांनीच तोडगा काढला. दोन्ही गाड्या दोन दिवस मागून आणायच्या, सगळ्यांनी बसायचं, खुटबाव ते शिरूर आणि परत. रस्त्यात चांगला डांबरी पट्टा आहे, खड्डे आहेत, पूल आहे, शिवाय शिरूरला व्याह्यांकडे चहा-भजी आहेत. चौफुल्याच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, परत येताना पुन्हा काठोकाठ भरायची, आणि किती मावलं त्यावरून कळेल किती देती ते. आरामाचा निकाल आबा स्वतः बसून देणार होते.

बसून म्हणजे पुढे बसून. ड्रायव्हरच्या शेजारची सीट घरातल्या कर्त्या पुरुषाची, हे आमच्याकडे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण देवघरातल्या पाटावर जसं कुणी चुकून बसत नाही तसंच ते होतं. बायकांनी मागं. मी जन्मात कधी कुठल्या गाडीत पुढे बसले नव्हते आणि बसायला हवं होतं असं मला वाटलंही नव्हतं.

चौकोनी गाडी आत्यांच्या भावाची होती, इनामगावची. पहिल्या दिवशी ती चौफुल्याच्या पंपावर उभी केली आणि टाकी भरल्यावर आबांनी सगळ्यांना खाली उतरवलं. टाकीत हवा राहते, म्हणाले. ती काढल्याशिवाय माप खरं येणार नाही. मग आम्ही सगळे, डोक्यावर पदर घेतलेल्या तीन बायका, दोन पोरं, रात्रपाळीहून आलेले आणि उभ्याउभ्या पेंगणारे दीर, गाडीला दोन्ही बाजूंनी धरून गदागदा हलवायला लागलो. आबा टाकीच्या तोंडाला कान लावून उभे. पंपावरचा माणूस नळी हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. बुडबुड असा आवाज आला तसे आबा खूश झाले आणि अजून पाव लिटर मावलं. मला हसू आवरेना. जाऊबाई तर हसता हसता बोनेटवर आडव्या झाल्या.

ते हसू पारगावच्या पुलापर्यंत टिकलं. मी मागच्या बाकड्यावर आडवं तोंड करून बसलेली, समोर जाऊबाई, मधे पोरं. पुढून आबांचा आवाज येत होता, काय झ्याक चालतीय, पोटातलं पाणी हलंना. त्यांच्या पोटातलं हलत नव्हतं. माझ्या पोटातलं बाहेर आलं. गाडी थांबली, मी उतरले, आणि आबा ह्यांना म्हणाले, "इंजन बंद कर. सूनबाई ओकंस्तवर डिझेल जळतंय."

त्या दिवशी जाता-येता मिळून गाडी सहा वेळा थांबली. शिरूरला आईने मला आत नेलं, तोंड धुवायला लावलं, उशी दिली. बाहेर आबा आणि माझे वडील अ‍ॅव्हरेजवर बोलत होते. आई बराच वेळ माझे पाय चेपत बसली आणि मग बाहेर ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "नको येत जाऊ बाई अशी. आम्ही समजू, पोरगी लई लांब दिलीया."

चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मला आधी राग आला, रस्त्याचा, गाडीचा, स्वतःच्या पोटाचा, आणि मग रडू आलं. लोकांच्या पोरी मुंबईला दिलेल्या असतात आणि दिवाळीला हसत येतात.

परत चौफुल्याला टाकी भरली, पुन्हा हलवाहलवी झाली, आणि आबांनी पेन काढून तळहातावर भागाकार केला. चौदाला थोडं कमी पडलं. ते कमी पडलेलं आबांनी माझ्या नावावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी गुबगुबीत गाडी आली. ती केडगावच्या एका ठेकेदाराची, ह्यांच्या मित्राची, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला त्याचा जीव होत नव्हता म्हणून चालवायला तोच आला. तो स्टीअरिंगवर, आबा पुढे, मधल्या रांगेत आत्या, हे आणि पेंगणारे दीर, आणि सगळ्यात मागच्या रांगेत जाऊबाई, पोरं आणि मी. सीट खरंच मऊ होती, मी तिच्यात कमरेपर्यंत बुडाले. काचा बंद, हवा गार, आणि नव्या रेक्झिनचा एक गोडसर वास. मी मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला. गाडी खड्ड्यात आदळत नव्हती, नुसती हळूच वर जायची आणि हळूच खाली यायची, वर जायची आणि खाली यायची.

पारगावपर्यंतसुद्धा पोचले नाही. आणि त्या मागच्या काचा उघडतच नव्हत्या.

हे मागे वळून माझ्याकडे असे बघत होते जणू मी मुद्दाम केलं. "एवढ्या आरामात पण?" म्हणाले. हातातलं लिंबू मी त्यांच्या डोक्यावर पिळणार होते, पण मोठी माणसं होती. पुढून आबा शांतपणे म्हणाले की आता आरामाचा मुद्दा निकालात निघालाय. खरोखरच निघाला होता. माझी आशा त्या गाडीवर होती आणि तिनेच मला सगळ्यात वाईट ओकायला लावलं. शिरूर येईपर्यंत मी डोळे मिटून ठरवून टाकलं की आता रमायचंच सासरी, नाहीतरी नाव झालेलंच आहे.

पण आईने मला सलग दुसऱ्या दिवशी तशा अवस्थेत पाहिलं आणि तिचं काहीतरी बिनसलं. चहा-भजी झाल्यावर ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, पोरीला मी पोचवून येते, उद्या एसटीनं परत येईन. आई निघाली म्हणून वडीलही निघाले. दीर म्हणाले, मग मी थेट एसटीनं कुरकुंभला जातो, आणि तेवढीच झोप मिळेल म्हणून आनंदाने स्टँडकडे गेले.

आता बसण्याची पंचाईत. व्याही गाडीत असताना पुढची सीट त्यांना दिली नाही तर मान राहत नाही. आबांनी लगेच दार उघडून माझ्या वडिलांना पुढे बसवलं. मधल्या रांगेत माझी आई, आत्या, आणि आईने हाताला धरून ओढल्यामुळे मी, आणि माझ्या पलीकडे अंग चोरून जाऊबाई. आबा कुठे बसणार? विहीणबाईंच्या शेजारी तर शक्यच नाही. त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा आकाशाकडे, धोतर सावरलं आणि सगळ्यात मागच्या रांगेत, पोरांच्या आणि ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

शिरूर सुटेपर्यंत ते मागून व्याह्यांना अ‍ॅव्हरेज समजावून सांगत होते. नंतर वाक्यं लहान झाली. न्हावरं आलं तेव्हा नुसतं हुं हुं येत होतं, आणि न्हावऱ्याच्या पुढे तेही बंद पडलं. मी मागे वळून पाहिलं. आबा जांभया देत होते. एकामागून एक, लांबलचक. वरच्या ओठावर घाम होता आणि ते सारखा आवंढा गिळत होते. त्या जांभया माझ्या अगदी ओळखीच्या होत्या. मला एकदम असा आनंद झाला की लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो काही कमी होईना.

"थांबव रं," आबा म्हणाले.

मागच्या रांगेतून बाहेर पडायला आधी मधली सीट वाकवावी लागते, त्यासाठी आम्ही चौघी उतरलो, मग पोरं उतरली, तोवर आबांनी तोंडावर उपरणं दाबून धरलं होतं. उसाच्या बांधापर्यंत ते कसेबसे पोचले. सगळे दुसरीकडे बघत उभे राहिले. गावच्या मीटिंगांत ज्यांच्या पुढे कुणी बोलत नाही तो माणूस उसाला धरून वाकला होता. परत आल्यावर म्हणाले, भजी बाधली. हे ऐकून आईचं तोंड एवढंसं झालं, कारण भजी तिनेच तळली होती आणि सगळ्यांनी खाल्ली होती.

मी पदराची गाठ सोडून लिंबू काढलं आणि आबांपुढे धरलं. त्यांनी ते घेतलं, हुंगलं, बराच वेळ हुंगत राहिले.

"दर खेपेला असंच हुतं व्हय तुला?"

"व्हय, आबा."

"आन् पुढं बसल्यावर?"

"पुढं कधी बसलेच नाही."

माझे वडील तोवर आपणहून मागे जाऊन बसले होते, म्हणाले, मला कुठंही चालतं. आबा पुढे बसले. काच खाली केली, तोंडावर वारा घेतला, आणि पारगावचा पूल येईपर्यंत माणूस पूर्वीसारखा झाला, म्हणजे बोलायला लागला. मी मागून त्यांच्याकडे बघत होते. माणूस तोच, गाडी तीच, भजी तीच. नुसती जागा बदलली होती.

चौफुल्याला टाकी भरताना ठेकेदाराला बोलायला जोर आला. म्हणाला, त्यालाही लहानपणी फार लागायची, पण स्वतः चालवायला शिकला तशी कायमची थांबली. चालवणाऱ्याला कधी लागत नाही. आबांनी तळहातावर भागाकार मांडला. दहाला थोडं कमी. "ते कमी पडलेलं तुमच्या नावावर टाकू का, आबा?" ह्यांनी विचारलं, आणि माझे वडील, जे व्याह्यांसमोर कधी मोठ्याने हसत नाहीत, ते हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई-वडील एसटीला बसले आणि आबांनी निकाल दिला. चौकोनी घ्यायची. मागं बसलं की दोन्हीत मळमळतं, पुढं बसलं की दोन्हीत बरं वाटतं, मग चार कमी देणारी घेऊन तिची काय पूजा करायची? ह्यांनी मान डोलावली. माझ्याकडे एक उत्तर होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. पुढची सीट एक, लागणारी माणसं दोन, आणि त्यातले एक आबा.

गाडी आली. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला. पेढे वाटून होतात न होतात तोच, चालवणाऱ्याला लागत नाही हे पक्कं धरून, आबा स्वतःच स्टीअरिंगवर चढून बसले. कुणाला कळायच्या आत गाडी सुरू झाली, अंगणातून सरळ गेली, कोंबड्या चुकवल्या, गोठा चुकवला आणि कडब्याच्या गंजीत नाक खुपसून उभी राहिली. आम्ही धावत गेलो. आबा आत बसूनच होते, मांडीवर कडबा. थोड्या वेळाने खाली उतरले, उपरणं झटकलं, आणि किल्ली ह्यांच्याकडे न देता माझ्यापुढे धरली.

"माझं वय झालं. तू शिक."

आत्या म्हणाल्या, लोकं काय म्हणत्याल? सून गाडी चालवणार आणि सासरा शेजारी बसणार?

"मागं मी बसणार न्हाई, आन् हिलाबी बसवत न्हाई," आबा म्हणाले. "म्हंजी पुढं दोघं. मधी गिअरचा दांडा हाय की."

मी किल्ली घेतली. ऊस तुटून गेलेल्या रानात रोज दुपारी शिकायला सुरुवात झाली. शिकवायला हे, बांधावर बघायला जाऊबाई, पोरं आणि हळूहळू अर्धं गाव. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बांधावरचे सगळे एकदम 'गेली' म्हणायचे. ह्यांचं आणि माझं त्या रानात जेवढं भांडण झालं तेवढं पुढच्या वीस वर्षांत झालं नसेल. डेअरीवर चर्चा झाली, ओटी भरायला बोलावणाऱ्या बायकांनी तोंड फिरवलं, आणि मला त्याचं काडीचंही वाटलं नाही, कारण रानात गोल गोल फिरूनही मला एकदासुद्धा मळमळलं नव्हतं. लायसन हातात पडलं त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन म्हशीला दाखवलं.

मग एका सकाळी निघालो. मी चालवायला, आबा शेजारी, मागे आत्या, जाऊबाई आणि पोरं. चौफुला गेला. मी मळमळीची वाट बघत होते, आता येईल, आता येईल. पारगावचा पूल आला आणि मागे पडला, मी पहिल्यांदा तिथली नदी नीट बघितली. न्हावऱ्यात टपरीवरचे लोक उठून उभे राहिले आणि आबा जणू ते त्यांच्यासाठीच उठलेत अशा थाटात मान हलवत गेले. मधून मधून एवढंच म्हणायचे, गिअर टाक, डिझेल खाती. न्हावरं सुटल्यावर मी मोठ्याने गायला लागले. सासऱ्यासमोर. आबा काच खाली करून बाहेर बघत बसले.

गाडी दारात थांबली तशी आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि सवयीने थेट मागच्या दाराशी गेली. तिथे मी नव्हते. तिने आत वाकून बघितलं, जाऊबाईंना बघितलं, पोरांना बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

"ती न्हाई आली?"

मी पुढचं दार उघडून उतरले. पदर खोचलेला, केस जागेवर, हातात किल्ली. आईने माझ्याकडे बघितलं, मग किल्लीकडे, मग शेजारच्या दाराने उतरणाऱ्या आबांकडे. तिने तांब्या खाली ठेवला आणि तिथेच, भर रस्त्यावर, माझ्या गळ्यात पडली. शेजारच्या बायका दारात येऊन बघत होत्या आणि तिला त्याचं भान नव्हतं.

दिवसभर मी त्या घरात हिंडले, बोलले, तिने केलेलं सगळं खाल्लं. निघताना ती दारात उभी राहिली आणि जे विचारायची तिने अडीच वर्षं हिंमत केली नव्हती ते विचारलं, पुन्हा कवा येशील म्हणून. मी आबांकडे बघितलं. ते पुढच्या सीटवर बसून डिझेलचा काटा न्याहाळत होते.

"परवा," मी म्हणाले.

आणि परवा गेले.